दिवाळीनंतरची झडती: मागचं लिखाण तपासून पुढच्या वर्षाचं ठरवायचं कसं

मराठीत लिहिणाऱ्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि पुढे ती प्रथा अशी रुजली की कथा, कविता, दीर्घ लेख या सगळ्यांचं वेळापत्रकच दिवाळीला बांधलं गेलं. मे-जूनमध्ये संपादकांचे निरोप येतात, जुलै-ऑगस्टमध्ये मजकूर जातो, गणपतीच्या आगेमागे अंक छपाईच्या वाटेला लागतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत कुणाचं काय कुठे आलं हे सगळ्यांना कळलेलं असतं. त्यामुळे मागचं तपासायला आणि पुढचं ठरवायला कार्तिकी पौर्णिमेनंतरचे चार-सहा आठवडे सर्वांत सोयीचे. त्याआधी बसू नये. अंक हातात पडल्याचा आनंद किंवा न पडल्याचा राग ताजा असताना माणूस स्वतःच्या लिखाणाचा न्याय करत नाही, एक तर आरती ओवाळतो नाहीतर पंचनामा करतो.

हे सगळं कुणासाठी? चार-पाच वर्षं लिहिताय, काही छापून आलंय, बरंच परत आलंय आणि घरात अर्धवट फाइलींचा ढीग आहे, अशांसाठी. आजवर तीनच कथा लिहिल्या असतील तर झडती वगैरे राहू द्या, चौथी लिहा.

पहिली पायरी: सगळं एका जागी आणा

गेल्या तीन वर्षांचं पुरे. त्यामागे गेलात की उजळणीचं आत्मचरित्र होतं.

ईमेलमधलं ‘पाठवलेले’ हे खातं आधी उघडा. काय, कुठे, कधी पाठवलं याचा खरा पुरावा तिथे असतो, कारण तारखांच्या बाबतीत आपली आठवण आपल्या सोयीने वागते. मग व्हॉट्सॲपवर संपादकांशी झालेली बोलणी. मग वह्या, पेन ड्राइव्ह, कात्रणं, स्पर्धांची पत्रं. संपादकांच्या शेऱ्यासकट परत आलेलं एखादं हस्तलिखित असेल तर ते सगळ्यात वर ठेवा.

जुन्या फाइली श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत असतील तर त्या आजच्या संगणकावर रोमन अक्षरांच्या खिचडीसारख्या उघडतात आणि त्यात शोधही घेता येत नाही. त्या यूनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं हटकून बिघडतात. म्हणून मूळ प्रत शेजारी ठेवून एकदा डोळ्यांखालून घाला. काम कंटाळवाणं आहे खरं. पण ते केल्याशिवाय जुनी कथा नव्याने कुठे पाठवताच येत नाही. बरेचसे संपादक आता यूनिकोडमधलाच मजकूर मागतात.

अर्धवट राहिलेलंही याच ढिगात आणा. ते लपवून ठेवण्याकडे कल असतो, आणि पुढे दिसेल की सगळ्यात जास्त माहिती त्यातूनच मिळते.

दुसरी पायरी: नोंदवही

एक्सेलमध्ये करा, नाहीतर दोनशे पानी वहीत आडव्या रेघा मारून. प्रत्येक मजकुराला एक ओळ. शीर्षक, प्रकार, शब्दसंख्या, पहिला खर्डा कधी, शेवटचा कधी, कुठे पाठवला, कधी पाठवला, उत्तर काय आणि केव्हा, मानधन ठरलं किती, मिळालं किती. शेवटचा रकाना: ‘नंतर कुठे पाठवला?’

एखाद्या लेखिकेच्या वहीतल्या ओळी कशा दिसतील ते पाहू. नमुना कल्पित आहे, पण अशा वह्या घरोघरी सापडतील.

‘विहीर’, कथा, ४२०० शब्द. पहिला खर्डा मार्च, तिसरा जून. २० जुलैला दिवाळी अंकाला पाठवली. २ सप्टेंबरला साभार परत. नंतर कुठे पाठवली: नाही.

‘आजीचा डबा’, ललित, ७०० शब्द. एका बैठकीत. दैनिकाच्या पुरवणीला, दोन आठवड्यांत छापून. मानधन ठरलं नव्हतं, आलं नाही.

‘हक्कसोड’, कथा, ५१०० शब्द. दोन खर्डे. १० सप्टेंबरला पाठवली. उत्तर नाही. नंतर कुठे पाठवली: नाही.

‘मास्तर’, कथा, २६०० शब्द. स्पर्धेला. उत्तेजनार्थ. नंतर कुठे पाठवली: नाही.

‘काकूंची बदली’, कादंबरी, आठव्या पानावर थांबली.

शेवटच्या रकान्यात एकाखाली एक उभे राहिलेले ते ‘नाही’ पाहिलेत? ही लेखिका तुम्हाला सांगेल की ‘माझ्या कथा चालत नाहीत’. वही वेगळंच सांगते. तिच्या कथा प्रत्येकी एकेकाच दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच घरी परतल्या. त्यातली ‘हक्कसोड’ तर १० सप्टेंबरला गेली, म्हणजे बहुतेक अंकांची पानं लागत आलेली असताना. ती कुणी उघडून वाचली असेल की नाही, शंकाच आहे. या नोंदीवरून कथेबद्दल काहीच ठरवता येत नाही, कॅलेंडरबद्दल ठरवता येतं.

अपयश म्हणून आपण जे मनात जपतो त्यातलं निम्मंशिम्मं या जातीचं निघतं, असं माझं ठाम मत झालंय. चुकीच्या अंकाला गेलं, उशिरा गेलं, दुप्पट लांबीचं गेलं, किंवा एकदाच गेलं. यातल्या कशालाही प्रतिभा लागत नाही.

तिसरी पायरी: नशीब आणि दर्जा वेगळे करा

आता वहीतली उत्तरं झाका आणि मजकूर पुन्हा वाचा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: आज हे माझ्या नावाने छापून आलेलं मला चालेल का? मग उत्तरं उघडा. चार ढीग पडतात. चांगलं आणि छापलेलं. कच्चं आणि परत आलेलं. या दोन्हींवर फार वेळ घालवू नका, तिथे जग आणि तुम्ही एकमताने बोलताय.

चांगलं असून परत आलेलं किंवा पडून राहिलेलं, हा ढीग म्हणजे तुमची शिल्लक. पुढच्या वर्षाची सुरुवात कोऱ्या कागदापासून करायची गरज नाही हे इथे कळतं. मात्र या ढिगात काहीही सरकवायचा मोह होतो. त्यावर उपाय म्हणजे एका वाचकाला त्यातलं एक द्यायचं. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं, आपल्याकडे तशी पद्धतच आहे. ‘कुठल्या पानावर मोबाइल हातात घेतलास?’ असं विचारा. दोन वाचकांनी एकच पान सांगितलं तर त्या पानावर काहीतरी नक्की बिनसलंय.

चौथा ढीग अवघड: कच्चं असूनही छापून आलेलं. ओळखीच्या अंकात गेलं, विषय ताजा होता, संपादकांना आठशे शब्दांची जागा भरायची होती. छापून आल्यामुळे ते आपण यशात धरतो आणि पुढच्या वर्षी तसंच पुन्हा लिहितो. वर्षानुवर्षं एकाच अंकात एकाच तऱ्हेचं ललित लिहिणारे लेखक याच रस्त्याने तिथे पोहोचलेले असतात. या ढिगातल्या नोंदींपुढे लाल खूण करा.

चौथी पायरी: एक मजकूर पेन्सिल घेऊन

सगळंच बारकाईने वाचायचं नाही. चांगल्या पण परत आलेल्या ढिगातले दोन आणि सर्वांत जमलेला एक, एवढे छापून घ्या, कागदावर, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे रेघ, आपणच घाईने पुढे जाऊ तिथे फुली, वाचताना बरं वाटेल तिथे टिंब. दुरुस्त करायला बसू नका, फक्त खुणा.

‘हक्कसोड’ची सुरुवात अशी आहे असं धरू:

‘पावसाळ्याचे दिवस होते. आभाळ भरून आलं होतं. सुमनच्या मनातही तसंच मळभ दाटलं होतं. खिडकीत उभी राहून ती गतकाळाच्या आठवणींत हरवून गेली.’

पुढे दीड पान माहेरच्या आठवणी. आणि मग तिसऱ्या पानावर:

‘तलाठ्याने सातबारा पुढे सरकवला. सुमनने नाव शोधलं. तिन्ही भावांची होती. “ताई, तुमची सही आहे की हक्कसोडपत्रावर,” तो म्हणाला आणि पंख्याचं बटण दाबायला उठला.’

टिंब इथे पडतं. कथा इथून सुरू होते. तो पंख्याचं बटण दाबायला उठतो यात तिची नजर चुकवणं आहे आणि ते लेखिकेने सांगितलेलं नाही, दाखवलंय. वरच्या चार वाक्यांत घडलेलं काहीच नाही. त्यातलं एकेक वाक्य कुणाच्याही कथेत चिकटवता येईल. अंकासाठी आलेल्या कथांची चळत समोर असलेला संपादक पहिलं पान वाचतो आणि ठरवतो. तो तिसऱ्या पानापर्यंत पोहोचलाच नसेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

आता ‘विहीर’ आणि ‘मास्तर’ यांची पहिली पानं शेजारी ठेवा. तिथेही पाऊस आणि खिडकी निघाली तर तो एका कथेचा दोष राहिला नाही, तुमची सवय झाली. आणि सवयीवर ध्येय ठरवता येतं. जमलेल्या मजकुरालाही हेच लावा: टिंबं कुठे दाटली आहेत? या लेखिकेची टिंबं कचेरीत, एसटी स्टँडवर, बँकेच्या खिडकीपाशी पडत असतील, म्हणजे माणसं कागदांच्या आणि कामांच्या निमित्ताने बोलतात तिथे, तर तिला आपलं रान सापडलं. एकांतातल्या चिंतनात ती हरवते, व्यवहारात ती जागी असते. हे तिला कुठल्याही कार्यशाळेत कुणी सांगणार नाही.

पाचवी पायरी: संपादकांचे निरोप

‘साभार परत’ म्हणजे नकार, त्यात खोल अर्थ शोधू नका. ‘अंकाच्या स्वरूपात बसत नाही’ हे बहुतेक वेळा शब्दशः खरं असतं. तो अंक आधी वाचला होता का, एवढंच स्वतःला विचारा. ‘थोडी लहान करून पाठवा’ हा नकार नव्हे. तो निरोप आला आणि तुम्ही कथा लहान करून पाठवली नाही, अशी नोंद वहीत सापडली तर ती या वर्षातली सर्वांत स्वस्तात हुकलेली संधी. ‘पुढच्या वर्षी नक्की द्या’ यातलं सौजन्य किती आणि आमंत्रण किती, हे जूनमध्ये स्वतः निरोप पाठवल्यावर कळतं, त्याआधी नाही.

मौनाचं काय करायचं? कित्येक अंक दोन-तीन माणसं नोकरी सांभाळून काढतात. मौन बरेचदा तुमच्या कथेबद्दल काही सांगत नसतं, त्यांच्या मनुष्यबळाबद्दल सांगतं. पण तुमची कथा मात्र त्यात अडकून पडते, कारण एकच मजकूर एकाच वेळी दोन अंकांना देणं आपल्याकडे गैर मानतात, आणि ते बरोबरच आहे. मग सरळ लिहावं:

‘नमस्कार. १५ जूनला “विहीर” ही कथा आपल्याकडे पाठवली होती. ३१ जुलैपर्यंत निर्णय कळवू शकलात तर बरं होईल. त्यानंतर ती अन्यत्र पाठवेन. कळावे, लोभ असावा.’

यात उद्धटपणा नाही. उलट संपादकांचंही काम सोपं होतं. वहीत प्रत्येक मौनापुढे असा निरोप पाठवला होता की नाही ते लिहा.

सहावी पायरी: अर्धवट कुठे थांबतं

प्रत्येक अर्धवट फाइलीचं शेवटचं वाक्य वहीत उतरवा. नुसतं शेवटचं वाक्य. पाच-सहा एकाखाली एक आली की काही तरी दिसू लागतं. कुणाचं लिखाण दुसरं पात्र तोंड उघडणार तेवढ्यात थांबतं. कुणाचं माहिती लागते तिथे: १९७२च्या दुष्काळावर लिहायला घेतलं आणि रोजगार हमीच्या कामावर मजुरी कशी वाटत हे ठाऊक नाही म्हणून फाइल बंद. कुणाचं घरच्या माणसाबद्दल खरं लिहायची वेळ आली की. तिन्हींची औषधं वेगवेगळी. पहिल्याला संवादाचा सराव, दुसऱ्याला जिल्हा ग्रंथालयातली एक दुपार आणि त्या कामावर गेलेल्या एखाद्या वयस्क माणसाशी गप्पा, तिसऱ्याला वेळ. तिसऱ्याचं ध्येय ठरवून होत नाही. ती फाइल बाजूला ठेवा, पुसू नका.

यशाचीही उलटतपासणी

परत आलेल्या कथेची कारणं आपण रात्रभर शोधतो. जमलेल्याला मात्र ‘जमलं’ म्हणून सोडून देतो. छापून आलेल्या, वाचकांनी फोन करून सांगितलेल्या मजकुराला विचारा: विषय मी निवडला की संपादकांनी सुचवला? मुदत होती का? किती वेळा लिहिला? कुणी आधी वाचला होता का? मुदत दिली की लिहून होतं आणि नाही दिली की फाइल लोळत पडते, असं दिसलं, तर प्रेरणेची वाट पाहण्यापेक्षा मुदत देणारा माणूस शोधणं आलं. मग तो संपादक असो की मित्र.

व्हॉट्सॲपवर फिरलेल्या मजकुराला मी यशाच्या रकान्यात सबुरीनेच घालेन. तो फिरतो तेव्हा अर्ध्या वाटेत लेखकाचं नाव गळतं, आणि कधी एखाद्या दिवंगत मोठ्या लेखकाच्या नावावर तो तुमच्याच फोनवर परत येतो. आनंद जरूर माना. पण आई, शाळा, जुना वाडा यांच्यावरचे पाचशे शब्द फिरतात म्हणून वर्षभर तेच लिहायचं ठरवलंत, तर ‘हक्कसोड’ कोण लिहिणार?

मानधनाचे दोन रकाने बेरजेसाठी. ठरलेलं आणि मिळालेलं यांत फरक असेल तर एकदा नम्रपणे आठवण करा. काहीच ठरलं नसेल तर पुढच्या वेळी मजकूर देण्याआधी विचारा. लेखकप्रतही मिळाली नाही असा अंक यादीतून काढायला हरकत नाही.

आता ध्येयं, चारच

वहीतून निघालेली. बाहेरून उसनी आणलेली नकोत. एक पुढे चालवायचं, एक दुरुस्त करायचं, एक नवं, आणि एक सोडून द्यायचं. आपल्या नमुन्यातल्या लेखिकेची अशी होतील:

चालवायचं: ‘विहीर’ आणि ‘मास्तर’ या वर्षी पुन्हा बाहेर जातील, परत आल्या तर पंधरा दिवसांच्या आत दुसरीकडे. ‘मास्तर’ पाठवण्याआधी स्पर्धेची नियमावली काढून पाहायची, प्रसिद्धीचे हक्क आयोजकांनी राखून ठेवले असतील तर त्यांची परवानगी घ्यायची. दुरुस्त करायचं: ‘हक्कसोड’ तलाठ्याच्या टेबलापासून सुरू करून ५१०० शब्दांची साडेतीन हजारांवर आणायची. नवं: कचेरीतल्या माणसांची एक कथा, खिडकीविना. सोडायचं: पुरवणीतलं सहज जमणारं ललित, निदान वर्षभर. हे चौथं सगळ्यांत जड जातं, कारण नाव छापून येण्याची तीच खात्रीची जागा असते. पण नव्या कथेला लागणारे रविवार त्यातूनच निघणार आहेत, दुसरीकडून निघत नाहीत.

ध्येयाचं वाक्य तपासायला एक चाळणी लावा. ‘तीन दिवाळी अंकांत कथा यायला हव्यात’ हे तुमच्या हातात नाही, ते तीन संपादकांच्या हातात आहे. ‘जूनअखेर तीन कथा तीन अंकांना गेलेल्या असतील’ हे तुमच्या हातात आहे. पहिलं वाक्य मनात असू द्या, वहीत दुसरं लिहा.

मग तारखा, दिवाळीपासून मागे मोजत. २०२६चं उदाहरण घेऊ. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला आहे आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे अंकांची जुळवाजुळव ऑगस्टमध्ये, मजकूर संपादकांकडे जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तिसरा खर्डा जूनच्या मध्याला, दुसरा मेमध्ये. पहिला खर्डा गुढीपाडव्याला, १९ मार्चला, संपलेला हवा, म्हणजे एप्रिलभर तो कपाटात पडून राहू शकेल. ही पडून राहण्याची महिनाभराची मुदत वेळापत्रकात लिहूनच ठेवावी लागते, नाहीतर तीच आधी खाल्ली जाते. २०२७मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे. तेव्हा सगळं दहा दिवस अलीकडे ओढायचं.

कुठे पाठवायचं तेही आत्ताच ठरवा. या दिवाळीचे अंक अजून वाचनालयात ताजे आहेत. प्रत्येक कथेसाठी तीन अंकांची नावं क्रमाने लिहा, आणि त्या तिन्ही अंकांतल्या या वर्षीच्या कथा वाचा: किती लांबीच्या आहेत, नव्या लेखकांच्या किती आहेत. ज्या अंकात सगळी नावं गेल्या कित्येक वर्षांचीच आहेत, तो यादीत तिसरा.

मधल्या तपासण्या दोन पुरेत. पाडव्याला पहिला खर्डा झाला की नाही ते पाहा. झाला नसेल तर नवी कथा पुढच्या वर्षावर ढकला आणि दुरुस्तीची कथा पुढे घ्या, दोन्ही अर्धवट ठेवू नका. दुसरी आषाढी एकादशीला, २०२६मध्ये ती २५ जुलैला आहे. तोवर उत्तर न आलेल्या अंकांना वरचा निरोप त्याच दिवशी पाठवा आणि ३१ जुलैच्या जागी १० ऑगस्ट लिहा.